भार कोणाच्या खांद्यावर?
विधिमंडळातील डॉ. आंबेडकर : चलन, आरोग्य आणि वीज

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले की राज्यघटना आणि अस्पृश्यतेविरुद्धचा लढा या दोन गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभ्या राहतात, आणि ते योग्यच आहे. पण १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणून प्रवेश करणारे आंबेडकर मूळचे अर्थशास्त्रज्ञ होते, याचा आपल्याला सहसा विसर पडतो. चलन, सार्वजनिक आरोग्य आणि वीज या तीन विषयांवरील त्यांची मते एकत्र वाचली, तर प्रत्येक ठिकाणी ते एकच प्रश्न विचारताना दिसतात : या व्यवस्थेचा भार शेवटी कोणाच्या खांद्यावर पडणार?

आरंभ रुपयापासून करू. लंडन विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी लिहिलेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी लिहिली आणि तीत शिष्याशी असलेला आपला मतभेदही मोकळेपणाने नोंदवला. त्या काळात हिंदुस्थानात सुवर्णविनिमय पद्धती होती. रुपया चांदीचाच, पण त्याची किंमत टांकसाळ मनमोकळी चालू ठेवून ठरत नव्हती. हुंडणावळीचा दर सांभाळणे हे सरकारचे काम होते आणि किती रुपये पाडावेत यावर कायद्याचा पक्का लगाम नव्हता. आंबेडकरांचा आक्षेप नेमका इथे होता. चलन काढणाऱ्याच्या शहाणपणावर भरवसा ठेवण्याऐवजी त्याचे हात बांधावेत, रुपयांच्या संख्येला निश्चित मर्यादा असावी, असे त्यांचे म्हणणे. बाहेरच्या देशांत रुपयाला काय मिळते, यापेक्षा आपल्या बाजारात त्याला काय मिळते, ही त्यांची खरी चिंता होती.

हुंडणावळ उतरली की निर्यात वाढते आणि देशाची भरभराट होते, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ होता. आंबेडकरांनी त्याची साल सोलून काढली. भाव चढतात, मजुरी मात्र मागे रेंगाळते. त्यामुळे व्यापाऱ्याच्या वहीत जो नफा दिसतो, त्याचा बराचसा भाग मजुराच्या ताटातून काढलेला असतो. तो देशाचा लाभ नव्हे. एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून घेतलेला तो घास आहे. १९२५ च्या डिसेंबरात त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, तेव्हा रुपया एक शिलिंग चार पेन्सचा असावा की सहा पेन्सचा, या वादाने मुंबईचे व्यापारी जग तापलेले होते. त्या गदारोळात मजुराची बाजू मांडणारा आवाज विरळाच होता.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. रिझर्व्ह बँक आंबेडकरांच्या ग्रंथावरून उभी राहिली, असे अलीकडे व्यासपीठांवरून ठोकून सांगितले जाते. मध्यवर्ती बँकेची शिफारस आयोगाने १९२६ मध्ये केली, तिचा कायदा १९३४ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँकेचे काम सुरू झाले. अशा बँकेचा विचार मात्र पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून चालू होता. आंबेडकरांच्या विवेचनाचा भर बँकेच्या उभारणीवर नव्हता, चलनावर अंकुश ठेवण्यावर होता. त्यांचे मोठेपण सांगण्यासाठी दंतकथेची गरज पडू नये.

मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ मध्ये गिरण्या-कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतिकाळात भत्ता देण्याचे विधेयक आले. विरोधकांचे म्हणणे असे, की हा खर्च मालकांवर टाकल्यास धंदा बसेल. आंबेडकरांनी दिलेले उत्तर आजही ताजे वाटते. प्रसूतीपूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे ही तिची एकटीची गरज नसून राष्ट्राच्या हिताची बाब आहे. म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, हे त्यांना मान्य होते. पण सरकार उचलत नाही, एवढ्यावरून मालक मोकळा होत नाही. स्त्रियांना कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो, म्हणून तर तो ठेवतो. मग त्या फायद्याबरोबर येणारी जबाबदारीही त्याचीच. १९२९ मध्ये हा कायदा झाला. हिंदुस्थानातील या स्वरूपाचा तो पहिलाच.

१९३८ मध्ये त्यांच्या पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला आणि तो फेटाळला गेला. त्यातील उपायांबाबत या त्रैमासिकाच्या अनेक वाचकांचे मत वेगळे असेल. मात्र वारंवारच्या बाळंतपणाने खंगणाऱ्या गरीब स्त्रीच्या प्रकृतीचा प्रश्न सभागृहाच्या पटलावर आला, याची नोंद मतभेद असणाऱ्यांनीही घ्यायला हवी.

१९४२ मध्ये आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, आणि प्रश्न विचारणाऱ्यावर उत्तर देण्याची पाळी आली. त्या काळी देशाची ऊर्जा म्हणजे दगडी कोळसा. आगगाड्या, गिरण्या, युद्धसामग्रीचे कारखाने, सगळे त्याच्यावर चालत. बंगाल-बिहारच्या खाणींतील मजूर लष्करी बांधकामांवर अधिक मजुरी मिळते म्हणून निघून जात होते आणि उत्पादन घसरत होते. खाणींच्या पोटात स्त्रियांना उतरवण्यास १९३७ पासून पूर्ण बंदी होती; त्यासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराला हिंदुस्थानने १९३८ मध्ये मान्यताही दिली होती. ही बंदी १९४३ मध्ये उठवण्यात आली. मजूरमंत्री होते आंबेडकर, मातेच्या विश्रांतीसाठी १९२८ मध्ये बोललेले तेच आंबेडकर.

फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात यावर तहकुबीची सूचना आली आणि त्यांच्यावर टीकेची झोड उठली. कोळशाची निकड आहे, ही व्यवस्था तात्पुरती आहे, आणि खाणीत स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. समान कामाला समान वेतन हे तत्त्व एखाद्या धंद्यात प्रथमच लागू होत आहे, असा त्यांचा बचाव होता. बचाव हुशारीचा होता. माझ्या मते तो पुरेसा नव्हता. जमिनीखाली काळोखात कोळसा वाहणाऱ्या बाईला समान मजुरी मिळाली, तरी युद्धाचा भार तिच्याच डोक्यावर चढला होता. मात्र चित्राची दुसरी बाजूही आहे. १९४३ च्या डिसेंबरात ते स्वतः धनबादच्या कोळसा-टापूत जाऊन मजुरांची स्थिती पाहून आले आणि १९४४ च्या आरंभी वटहुकूम काढून कोळशावरील उपकरातून कोळसा-खाण मजूर कल्याण निधी उभारला गेला. घरे, पाणी, दवाखाने यांसाठी तो पैसा होता. खाणबंदी १ फेब्रुवारी १९४६ पासून पुन्हा लागू झाली. चरित्रकार हा प्रसंग बहुधा घाईने ओलांडतात. मला मात्र वाटते, की एखाद्या लोकप्रतिनिधीची तत्त्वे सत्तेच्या खुर्चीत किती ताणली जातात, हे येथे दिसते तितके स्पष्ट क्वचितच दिसते.

विजेसंबंधीचे त्यांचे विचार याच वर्षांतले. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी पुनर्रचना समितीपुढे बोलताना त्यांनी प्रश्न केला : हिंदुस्थानला वीज कशासाठी हवी? केवळ दिव्यांसाठी नव्हे. शेतीवर लादलेली अतिरिक्त माणसे उद्योगांत सामावून दारिद्र्याचे चक्र तोडण्यासाठी. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हा त्यांचा आग्रह त्यातूनच आला. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग अस्तित्वात आला, तो त्यांच्याच खात्याच्या देखरेखीखाली. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर योजना आखण्यासाठी १९४५ मध्ये कलकत्त्याला परिषदा झाल्या. पाणी ही आपत्ती नसून संपत्ती आहे, माणसाचे हाल पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाने अधिक होतात, असे त्यांनी त्याच वर्षी कटकच्या परिषदेत ओरिसाच्या नद्यांबद्दल सांगितले.

स्वतंत्र भारतात १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. त्या योजनेतील पंचेत धरणाचे उद्घाटन ६ डिसेंबर १९५९ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या तिसऱ्या स्मृतिदिनीच, पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत झाले. कळ दाबण्याचा मान धरणाच्या कामावरील एका संथाळ मजूर मुलीला देण्यात आला. तिचे गाव त्याच धरणाच्या पाण्याखाली गेले होते.