प्रथिनांचे पुंजीकरण आणि त्याच्या चाचण्या

* पुंजीकरण : अल्झायमर, पार्किन्सन यांसारख्या विकारांत विशिष्ट प्रथिनांची घडी बिघडते आणि त्यांचे रेणू एकमेकांना चिकटून न विरघळणारे तंतू तयार होतात, या क्रियेस पुंजीकरण म्हणतात. ती ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत थायोफ्लेविन-टी हे रंजकद्रव्य विशेषत्वाने वापरले जाते. द्रावणात मोकळे असताना ते फारसे चमकत नाही. परंतु तंतूंवरील खाचांत अडकले, की सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देते, आणि या प्रकाशाची वाढ वेळोवेळी मोजल्यास पुंजीकरणाचा वेग कळतो. मात्र आरंभीचे लहान पुंज या रंजकाने सहसा उजळत नाहीत, म्हणून ते ओळखण्यासाठी आणि तंतूंचे रूप पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची आणि इतर पद्धतींची जोड द्यावी लागते. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील समीर माजी यांच्या संशोधनगटाने २०२० मध्ये असे दाखवले, की पार्किन्सनशी निगडित अल्फा-सायन्यूक्लिन हे प्रथिन तंतुरूप घेण्यापूर्वी द्रवरूप थेंबांत एकवटू शकते आणि हे थेंब कालांतराने घट्ट होत जातात. त्यामुळे केवळ रंजकाची चमक दिसली नाही एवढ्यावरून पुंजीकरण सुरूच झालेले नाही, असा निष्कर्ष काढणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही. — संपादक