कोल्हापुरातील निवासविषयक जातिभेद

जात अथवा धर्म पाहून घर, भाड्याची खोली वा खाणावळीची सोय नाकारण्याच्या प्रथेस निवासविषयक जातिभेद म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिक्षणासाठी कोल्हापूर शहरात येणाऱ्या ब्राह्मणेतर व अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांना या प्रथेची झळ बसली. तीवर उपाय म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) विविध समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. त्यामुळे कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ असे संबोधले जाते.

पार्श्वभूमी

कोल्हापूर संस्थानातील उच्च शिक्षण राजाराम हायस्कूल व राजाराम कॉलेज यांच्याभोवती शहरात एकवटले होते. बाहेरगावच्या ब्राह्मण विद्यार्थ्यांना नातलगांकडे राहणे, वार लावून जेवणे वा माधुकरी मागणे हे मार्ग उपलब्ध होते. खेड्यांतून येणाऱ्या इतर जातींच्या मुलांना अशी सोय नव्हती. वाड्यातील आड, अंगण व वावर सामायिक असल्याने खोली भाड्याने देण्याचा प्रश्न सोवळ्याओवळ्याशी जोडला जाई. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांना स्पृश्य वस्तीत खोली मिळणे जवळजवळ अशक्य होते. शाळेची दारे खुली झाली, तरी राहण्यास जागा नसल्याने शिक्षण अर्धवट राही.

१८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू करण्यात आले. त्याची व्यवस्था ब्राह्मण व्यवस्थापकांकडे होती आणि काही वर्षांतच तेथे केवळ ब्राह्मण विद्यार्थी उरले. या अनुभवानंतर प्रत्येक समाजासाठी स्वतंत्र वसतिगृहाचे धोरण स्वीकारले गेले.

वसतिगृहे

१९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, तर १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्यास देण्यात आले. पुढे लिंगायत, नामदेव शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती, वैश्य, ढोर-चांभार इत्यादी समाजांचीही वसतिगृहे उभी राहिली. संस्थानाने त्यांना जागा, इमारती व आर्थिक साहाय्य दिले. समाजांनीही वर्गणी जमवली. दसरा चौकाच्या परिसरात यांपैकी काही वसतिगृहे आजही आहेत.

भाऊराव पाटील यांचे निष्कासन

जातवार वसतिगृहांमुळे राहण्याची सोय झाली, परंतु स्पर्शास्पर्शाचे नियम त्यांच्या आतही पाळले जात. पुढे ‘कर्मवीर’ म्हणून प्रसिद्ध झालेले भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. चरित्रकारांच्या नोंदींनुसार ते मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास उपस्थित राहिले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंगमधून काढून टाकण्यात आले. त्यानंतर त्यांना शाहू महाराजांकडे आसरा मिळाला. भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांनी एकत्र राहावे व एका पंक्तीत जेवावे अशा वसतिगृहाचा पाया घातला. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

समकालीन घटना

शिक्षण व अधिकारपद मिळाल्यानंतरही हा भेद संपत नसे. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानात नोकरीस रुजू झाले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. ते पारशी नाव धारण करून एका पारशी धर्मशाळेत राहिले. ओळख उघड झाल्यावर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना जागा सोडण्यास भाग पाडले. परिचितांकडेही आश्रय न मिळाल्याने ते मुंबईस परतले. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. शाहू महाराज तीस उपस्थित होते.

कायदेशीर स्थिती

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १७ नुसार अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास अटकाव करणे हा गुन्हा आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरून झाल्याचे न्यायालय गृहीत धरते (कलम १२). धर्म वा आहार पाहून खासगी घरमालकाने दिलेला नकार मात्र या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहतो. अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे व पाणवठे यांचा उल्लेख आहे. खासगी भाड्याच्या घरांचा नाही. नकाराचे कारण बहुधा तोंडी सांगितले जाते किंवा ‘जागा गेली’ असे उत्तर मिळते. त्यामुळे भेदभाव सिद्ध करणे कठीण जाते.

मूल्यमापन

जातवार वसतिगृहांमुळे जातीची ओळख पक्की झाली, अशी टीका होते. समर्थकांच्या मते, सामायिक वसतिगृहाचा प्रयोग फसल्यानंतर वंचित समाजांतील पहिल्या शिक्षित पिढीसाठी तोच व्यवहार्य मार्ग होता. सातारा येथील संमिश्र वसतिगृह हे या परंपरेचे पुढचे पाऊल मानले जाते.