सज्जन चेहऱ्याची उलटतपासणी

अमोल पालेकर नटाचे दिग्दर्शक झाले, याकडे केवळ व्यवसायबदल म्हणून पाहणे अपुरे ठरते. ‘रजनीगंधा’ (१९७४) व ‘छोटी सी बात’ (१९७६) यांनी त्यांची बुजऱ्या, सज्जन मध्यमवर्गीयाची प्रतिमा रूढ केली. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’त (१९७७) तिला तडा गेला. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेल्या या चित्रपटात, धुळे जिल्ह्यातील शिरपूरच्या पाटील घराण्यातल्या स्मिता पाटील यांनी साकारलेली उषा घर चालविते. पालेकरांचा केशव तिच्या कमाईवर जगतो आणि तिच्यावर संशयही घेतो. चेहरा तोच सौम्य, पण त्याआड हिशेबी क्रौर्य. दिग्दर्शक पालेकरांचे बीज येथे शोधावे लागते. मानवतच्या नरबळी-हत्याकांडावर बेतलेल्या, विजय तेंडुलकरलिखित ‘आक्रीत’मध्ये (१९८१) प्रमुख भूमिका त्यांनी स्वतःकडेच ठेवली. खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’वरून केलेल्या ‘अनकही’तही (१९८५) भविष्यकथनाच्या धाकाने परक्या मुलीचा जीव पणाला लावणारा सुशिक्षित तरुण तेच झाले. नटाने संपादन केलेला प्रेक्षकाचा विश्वासच दिग्दर्शकाने असा तपासणीस घेतला. त्या तपासणीतून प्रेक्षकही सुटत नाही.