बॅ. मु. रा. जयकर आणि गणेशखिंड : एका संस्थापक कुलगुरूची कारकीर्द

प्रस्तावना

विद्यापीठाचा इतिहास लिहिताना अधिनियम, इमारती व आकडे यांची नोंद होते; पहिल्या कुलगुरूच्या पूर्वायुष्याचा संस्थेच्या घडणीशी काय संबंध होता, हा प्रश्न मात्र मागे राहतो. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंद रामराव जयकर (१८७३-१९५९) यांच्या संदर्भात प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

मध्यस्थाची जडणघडण

जयकर हे मुंबईतील नामांकित बॅरिस्टर व स्वराज्य पक्षाचे नेते. १९३० मध्ये तुरुंगातील काँग्रेस नेते आणि व्हाइसरॉय यांच्यात समेट व्हावा म्हणून सर तेजबहादूर सप्रू यांच्यासह त्यांनी मध्यस्थी केली. १९३७ मध्ये ते फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत मुस्लिम लीग व संस्थाने यांच्या प्रतिनिधींसाठी थांबावे, अशी उपसूचना त्यांनी मांडली. तिला सभागृहात तीव्र विरोध झाला. पुढे त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला आणि रिक्त जागेवर जुलै १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडून आले. समेटाच्या राजकारणाला तेव्हा फारसा वाव उरला नव्हता.

समितीचे अध्यक्ष ते कुलगुरू

महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विद्यापीठाचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने १९४२ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष जयकरच होते. पुणे विद्यापीठाचा अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला आणि वयाच्या पंच्याहत्तरीच्या सुमारास त्यांनी कुलगुरुपद स्वीकारले. ज्याने शिफारस करावी त्यानेच ती अमलात आणावी, असा योग क्वचितच येतो.

आरंभी विद्यापीठाला स्वतःचे आवार नव्हते. काही काळ कारभार भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या निजाम गेस्ट हाउसमधून चालला. मुख्यमंत्री व शिक्षणमंत्री बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने गणेशखिंड येथील सुमारे ४११ एकरांचा परिसर विद्यापीठाला मिळाला. येथील मुख्य इमारत म्हणजे गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान. २२ जून १८९७ रोजी याच वास्तूतील राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या होत्या. सत्तेच्या या वास्तूत आता विद्येचा कारभार सुरू झाला.

परंतु जागेपेक्षा नात्यांचा प्रश्न अवघड होता. १९४९-५० मध्ये विद्यापीठाशी १८ महाविद्यालये संलग्न होती व विद्यार्थी ८,००० च्या वर होते. डेक्कन व फर्ग्युसन (१८८५) ही महाविद्यालये विद्यापीठाहून कितीतरी जुनी, स्वतःच्या परंपरेचा अभिमान बाळगणारी होती. शिवाय कार्यक्षेत्र १२ जिल्ह्यांचे. अशा स्थितीत नव्या आवाराचे प्रयोजन परीक्षा व संलग्नतेपुरते न राहता पदव्युत्तर अध्यापन व संशोधन हे असावे, तर ते केवळ अधिकाराने साधणारे नव्हते. येथे समेटाची सवय असलेला कुलगुरू उपयुक्त ठरला असावा, असे अनुमान करता येते. १९५० मध्ये सुरू झालेले विद्यापीठाचे ग्रंथालय पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले, हेही सूचक आहे.

निष्कर्ष

जयकरांनी १९५६ पर्यंत हे पद सांभाळले. परिसराचे श्रेय त्यांच्या एकट्याचे नाही; त्यात खेरांचा वाटा मोठा आहे. तसेच संलग्नतेचा भार त्यांच्या काळात हलका झाला नाही. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कार्यक्षेत्र आटोपशीर होऊ लागले. तथापि, राजकारणात अपुरा ठरलेला एक गुण संस्था उभारताना सार्थकी लागू शकतो, हे त्यांच्या कारकिर्दीवरून दिसते. म्हणूनच संस्थापक कुलगुरूचे मूल्यमापन इमारतींच्या संख्येवरून न करता, जुन्या संस्थांना नव्या संस्थेत त्याने कसे सामावून घेतले यावरून करणे अधिक न्याय्य ठरेल.