सबवूफर : घरगुती स्टिरिओसाठी निवड आणि जुळवणी

सबवूफर : ध्वनीच्या सर्वांत खालच्या पट्ट्यासाठी, साधारणपणे 20 ते 100 हर्ट्झसाठी, बनवलेला स्वतंत्र स्पीकर. घरगुती सबवूफरमध्ये बहुधा अ‍ॅम्प्लिफायर आतच बसवलेला असतो. स्टँडवर ठेवायच्या लहान स्टिरिओ जोडीचा आवाज 50-60 हर्ट्झच्या खाली झपाट्याने ओसरतो. डबल बासची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झला आणि पियानोचा पहिला स्वर 27.5 हर्ट्झला वाजतो. ते स्वर अशा जोडीतून अर्धेमुर्धेच ऐकू येतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज मात्र सुमारे 69 हर्ट्झचा, म्हणजे चांगली जोडी तो एकटी पेलते. त्यामुळे मुख्यतः ख्याल ऐकणाऱ्याने आधी मूळ स्पीकर सुधारावेत आणि सबवूफरचा विचार नंतर करावा.

चित्रपटगृहांत हा प्रकार 1974 च्या ‘अर्थक्वेक’ चित्रपटासाठी वापरलेल्या सेन्सराउंड या ध्वनिपद्धतीमुळे गाजला. घरच्या संगीतासाठी तो त्याआधीच, 1968 मध्ये, इन्फिनिटी कंपनीच्या सर्वो-स्टॅटिक या स्पीकरसंचात दिसला होता. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1961 पासून पुढच्या दशकभरात पेटी आणि ड्रायव्हर (पेटीतला आवाज निर्माण करणारा घटक) यांचे गणित बसवून दिले. आजचे आरेखन त्यावरच उभे आहे.

निवड : जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम इथे टाळता येत नाही. लहान पेटी, खोल बेस आणि कमी वीजशक्तीत मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचे, तर ड्रायव्हरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. म्हणून 8 इंची पडद्याकडून 20 हर्ट्झची अपेक्षा धरू नये. बंद पेटीचा आवाज तिच्या मर्यादेखाली सप्तकामागे 12 डेसिबलने उतरतो, तर पोर्ट असलेल्या पेटीचा 24 डेसिबलने. पोर्टची पेटी त्याच शक्तीत अधिक आवाज देते आणि चित्रपटांना ती मानवते. संगीतासाठी, त्यातही लहान खोलीत, बंद पेटी घ्यावी. तिचा सावकाश उतार आणि भिंतींमुळे वाढणारा बेस एकमेकांना पूरक ठरतात.

खोली आणि जागा : सबवूफरचे यश किमतीपेक्षा जागेवर अधिक अवलंबून असते. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुप्पट तरंगलांबीचा स्वर खोलीत ठाण मांडतो. 10 बाय 12 फुटांच्या खोलीत हे स्वर सुमारे 56 आणि 47 हर्ट्झला पडतात, आणि छत 10 फुटांच्या आसपास असेल तर तिसराही 56 जवळच येऊन बसतो. अशा खोलीत बेस गिटारवादक खाली उतरत जातो तेव्हा एकच स्वर घों करून अंगावर येतो आणि शेजारचा गायब होतो. बैठक बरोबर खोलीच्या मध्यावर असेल तर तिथे हेच ठाण मांडलेले स्वर पोकळ लागतात.

जागा शोधण्याची सोपी रीत उलटी आहे. सबवूफर तात्पुरता ऐकण्याच्या खुर्चीवर ठेवावा, खाली उतरत जाणारी बेसची सुरावट लावावी आणि भिंतीकडेने जमिनीलगत कान नेत फिरावे. जिथे सगळे स्वर सारख्या वजनाचे ऐकू येतात, ती सबवूफरची जागा. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा होतो, पण खोलीचे सगळे ठाणस्वरही तिथेच जागे होतात.

जुळवणी : क्रॉसओव्हर, म्हणजे मुख्य स्पीकर आणि सबवूफर यांच्यातली स्वरांच्या वाटणीची हद्द, 80 हर्ट्झपासून सुरू करून पाहावा. त्याच्या बराच वर ठेवला, तर कानाला दिशा कळू लागते आणि तबल्याची चाट समोर, डग्ग्याचा घुमारा मात्र कोपऱ्यातून, अशी फाटाफूट होते. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सोय असेल तर त्याच हर्ट्झला मुख्य स्पीकरांचा बेस कापावा; त्यांच्यावरचा भार हलका होऊन मधला पट्टाही स्वच्छ होतो. सबवूफरसाठी वेगळे आउटपुट नसलेल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरच्या टर्मिनलवरून जोडता येते, पण ब्रिज प्रकारच्या अ‍ॅम्प्लिफायरबाबत तारांची जोडणी माहितीपुस्तिकेप्रमाणेच करावी.

त्यानंतर फेज, म्हणजे सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांच्या लाटांचा मेळ. क्रॉसओव्हरच्याच हर्ट्झचा स्थिर स्वर लावून एकाने खुर्चीत बसावे, दुसऱ्याने फेजचे बटण 0 वरून 180 वर न्यावे. ज्या बाजूला आवाज मोठा, तिथे सबवूफर आणि मुख्य स्पीकर एकमेकांना साथ देत असतात. पातळी शेवटी, आणि कानाला वाटते त्याहून थोडी खालीच ठेवावी. नव्या सबवूफरच्या उत्साहात ती हटकून जास्त ठेवली जाते.

मोजणीचा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर यांनी उरलेले उंचवटे दिसतात. इक्वलायझरने उंचवटा कापता येतो, खड्डा भरता येत नाही. तिथे परतलेली लाट मूळ लाटेला मारत असते, त्यामुळे शक्ती वाढवली की दोन्ही सारख्याच वाढतात. खड्ड्यावर उपाय जागा बदलण्याचा, नाहीतर दुसरा सबवूफर जोडण्याचा. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन लहान सबवूफर एका मोठ्याहून सरस ठरतात, कारण ते खोलीचा पहिला ठाणस्वर जागवतच नाहीत.

फ्लॅटमध्ये सबवूफरखाली रबरी पाय घातले की लादीतून खाली जाणारा कंप कमी होतो. हवेतून जाणारा बेस मात्र भिंत सहज ओलांडतो, तेव्हा रात्री पातळी उतरवण्याला पर्याय नाही.