विठाबाई नारायणगावकर : कनातीमागची गोष्ट

मंडईचे दिवस सरत आले, तरी वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या अजून रात्री-अपरात्री आपल्या रस्त्यांवरून धावताहेत. गावात नाटक असलं की घरात पाहुणे, चुलीवर मोठा गंज, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर शाल गुंडाळून मंडपाकडे पळणाऱ्या आपण. पहिल्या अंकातली लावणी आपली नेहमी हुकते. भांडी राहिलेली असतात ना!

यंदा मात्र मी वेळेवर पोहोचले आणि लावणीवर नाचणारी ती बाई नीट पाहिली. थंडी मरणाची, अंगावर पातळ साडी, आणि पहाटेपर्यंत तिला तीन वेळा तरी नाचायचं होतं. घरी येताना मला विठाबाई आठवल्या. म्हणून आज त्यांच्याबद्दल.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. हे नाव जरा सावकाश म्हणून बघा. त्यात बापाचं नाव आहे, जात आहे, गाव आहे. घराण्याचं आडनाव खुडे, ते मात्र कुठेच नाही. जातीवरून हिणवणाऱ्या काळात या माणसांनी आपली जात फडाच्या नावातच घातली आणि त्याच नावावर लोक गोळा केले. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा तमाशा म्हटलं की पश्चिम महाराष्ट्रात लोक बैलगाड्या जुंपून निघत. भाऊ हे विठाबाईंचे वडील, बापू हे चुलते. फड उभा केला तो आजोबांनी, नारायण खुडे यांनी. ते मूळचे शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे.

विठाबाईंचा जन्म १९३५ सालच्या जुलै महिन्यातला, पंढरपूरचा. तेव्हा आपला भाग मध्य प्रांतात होता, जिल्ह्याचं नाव चांदा, आणि गडचिरोली हा वेगळा जिल्हा व्हायला अजून ४७ वर्षं होती. त्यामुळे त्यांचा मुलूख आणि आपला मुलूख तसे लांबचेच. पण एक गोष्ट सारखी. आपल्या दंडारीत जसे पुरुषच लुगडं नेसून बाईचं काम करत, तसाच जुन्या तमाशात ‘नाच्या’ असे, म्हणजे बाईच्या वेशातला पोरगा. बाया फडात आल्या त्या उशिरा. पठ्ठे बापूरावांच्या फडातली पवळा ही त्यातली पहिली गाजलेली. विठाबाई त्यानंतरच्या पिढीच्या. बाई फडात असणं तोवर रूढ झालं होतं, पण गावात तिला मान मिळणं अजून दूर होतं. (आज तरी कुठे पूर्ण मिळाला आहे?)

गाणाऱ्याच्या घरात जन्म झाला म्हटलं की आपल्याला तंबोरा, गुरू, पहाटेचा रियाज असं काहीतरी दिसतं. फडातल्या लेकराचं तसं नसतं. ते ढोलकीच्या शेजारी झोपतं आणि तुणतुण्याच्या आवाजाने उठतं. गण, गवळण, भेदिक, लावणी हे सगळं विठाबाईंच्या कानावर लहानपणापासून पडत गेलं. शाळेत त्यांचं मन रमलं नाही. रंगमंचावर मात्र त्या कोवळ्या वयातच उभ्या राहिल्या.

ढोलकी फडाच्या तमाशात एकाच बाईला किती कामं असतात ते पाहा. आधी गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग, म्हणजे आख्खं नाटकच. ज्या गळ्याने लावणी म्हणायची, त्याच गळ्याने वगात मोठमोठे संवाद म्हणायचे. पायात घुंगरांचं ओझं. समोर बसलेली माणसं हजारांत, तीही कुस्त्या आणि जत्रा करून आलेली, आवडलं नाही तर बोलून दाखवणारी. विठाबाई गात, नाचत आणि वगही रंगवत. गाताना ओळ संपत आली की मागे उभे असलेले झीलकरी ती उचलून धरतात, तेवढ्यात गाणारीला श्वास मिळतो. ही झीलकऱ्यांची सोय फार मोलाची. नाचता नाचता गायचं तर श्वास हाच सगळा हिशेब असतो.

नवव्या महिन्यात श्वास कसा होतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

त्यांची ती गोष्ट तुम्ही कधीतरी ऐकली असेल. दिवस भरलेले असताना त्या नाचायला उभ्या राहिल्या. खेळ चालू असतानाच कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, रंगमंचाच्या मागेच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, आणि पुन्हा उभं राहायची तयारी केली. पोट दिसेना तेव्हा लोकांच्या लक्षात आलं, त्यांनी विचारलं, आणि खरं कळल्यावर लोकांनीच खेळ थांबवला. बाई, आता विश्रांती घे म्हणाले.

ही गोष्ट सांगताना सगळे म्हणतात, काय ती कलेची निष्ठा! मीही म्हणत असे. आता माझ्याने तेवढ्यावर थांबवत नाही.

आमच्या घरात अशीच एक गोष्ट आहे. माझी आजी दिवसभर बांधीत वाकून रोवणी करत होती, संध्याकाळी घरी आली, आणि त्याच रात्री माझी मावशी झाली. चौथ्या दिवशी आजी पुन्हा चिखलात. आम्ही ती गोष्ट अभिमानाने सांगत आलो, आजीसमोर सुद्धा. एकदा मी तिला विचारलं, आजी, तुला घरी राहावंसं नाही वाटलं? ती म्हणाली, “वाटलं ना. पण रोवणी थांबते का?”

फडही थांबत नाही. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि उन्हाळ्यातल्या जत्रांबरोबर आटोपतो. नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावची पंचमंडळी तिथे येतात, सुपारी ठरवतात, इसार देतात. कलावंतांनी हंगामाच्या आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. ढोलकीवाला, झीलकरी, सोंगाड्या, तंबू ठोकणारी माणसं, स्वयंपाकाच्या बाया, एवढ्या सगळ्यांची भाकरी रोजच्या खेळावर. आणि लोक ज्या नावाला येतात ते नाव त्या दिवशी उभंच राहिलं नाही तर? बाळंतपणाच्या रजेचा कायदा देशात १९६१ साली झाला. तो कारखान्यातल्या आणि कचेरीतल्या बाईसाठी. फडातली बाई त्यात कुठे बसणार? रोवणीवाली, तेंदूपानं तोडणारीही कुठे बसते?

म्हणून मला त्या गोष्टीतला दगड फार बोचतो. निष्ठा होतीच, ती मी नाकारत नाही. पण एवढ्या मोठ्या फडात, एवढ्या नावाजलेल्या बाईच्या बाळंतपणाला एक सुईण आणि एक स्वच्छ पातं असायला हवं होतं की नाही? टाळ्या वाजवताना हे कुणी विचारलं नाही. त्यातल्या त्यात बरं वाटतं ते एवढंच, की खेळ थांबवा म्हणाले ते समोर बसलेले लोक.

मानसन्मान आले. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हातून पदक मिळालं. तमाशातल्या मांग घरातल्या बाईने दिल्लीत जाऊन ते घ्यावं, ही लहान गोष्ट नव्हे. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने ज्या तमाशावर अश्लील म्हणून बंदी घातली होती आणि पुढे अटी घालून उठवली होती, त्याच तमाशाचं ते पदक होतं.

पण पदक विकून दवाखाना भागत नाही. अखेरच्या काळात विठाबाईंकडे पैसा नव्हता. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, आणि दवाखान्याचं बिल लोकांनी वर्गणी काढून भरलं. आयुष्यभर त्यांच्या गाण्यावर किती तिकिटं फाटली असतील, तो आकडा कुणी लिहून ठेवला नाही. पुढे २००६ मध्ये सरकारने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्यांची लेक मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड चालवला, नाव कमावलं, आणि पुढे आईच्या नावाचा तो पुरस्कार त्यांनाही मिळाला. नातवंडंही याच कामात आली. फड घरातच राहिला.

आपल्याकडे २०२३ साली झाडीपट्टीतले परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण किती आनंदलो होतो. आता एक काम सांगते. तुमच्या गावच्या मंडपात ज्या बाया नाचून आणि गाऊन गेल्या, त्यांची नावं आठवतात का बघा. सासूला विचारा, आजीला विचारा. त्या कुठून आल्या, कुणाच्या घरी उतरल्या, सोबत लेकरू होतं का. मी त्यांच्यासाठी एक वही घातली आहे. सध्या तिच्यात दोनच नावं आहेत, आणि त्यातलं एक अर्धवट आहे.