‘जड’ शब्दाचा अर्थ आणि जड मुलांचें पालन

जुन्या वाटणीपत्रांत कुटुंबांतील एखाद्या पुरुषास हिस्सा न देतां नुसतें अन्नवस्त्र बांधून दिलेलें आढळलें, तर तो ‘वेडा’ असावा असें अनुमान आपल्याकडे फार लौकर काढण्यांत येतें. हें अनुमान पुष्कळ वेळां चुकीचें असतें. आणि बरोबर असलें तरी ‘वेडा’ ह्या एका शब्दाखालीं दोन निराळ्या जातींचीं माणसें कोंबलीं जातात. धर्मशास्त्रकारांनीं हा घोटाळा केलेला नाहीं. तो आपला, म्हणजे गेल्या दोन शतकांतला आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या दायविभागांत हिस्सा न मिळणाऱ्यांची जी यादी आहे तींत उन्मत्त आणि जड हे दोन शब्द पृथक् आले आहेत. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत त्यांचा भेद स्पष्ट केला आहे. वातपित्तादि दोषांनीं किंवा ग्रहबाधेनें ज्याला उन्माद जडला तो उन्मत्त. आणि ज्याचें अंतःकरणच विकल, म्हणून हित कोणतें व अहित कोणतें हें ज्याला ठरवितां येत नाहीं, तो जड. पहिल्याचा रोग आहे, दुसऱ्याची घडण आहे. आमच्या रत्नागिरी प्रांतीं दायविषयक वादांत मिताक्षरा हाच मुख्य प्रमाणग्रंथ मानला जात असे. तेव्हां सावंतवाडीपासून चिपळुणापर्यंतचीं वाटणीपत्रें वाचणाऱ्यानें ही व्याख्या ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

हिस्सा नाहीं, पण पोषण मात्र हक्काचें, हा ह्या प्रकरणाचा गाभा होय. मनूनें तर अशांस आमरण अन्नवस्त्र न देणारा पतित होतो असें म्हटलें आहे. त्यांचे पुत्र निर्दोष असल्यास त्यांना हिस्सा मिळावा, मुलींचें लग्न होईपर्यंत पालन करावें, सदाचारी बायकांना पोसावें, इतकी तरतूद याज्ञवल्क्यानें केली आहे. विभागानंतर औषधोपचारानें दोष गेला तर हिस्सा द्यावा, हेंहि मिताक्षरेंत आहे. ह्यावरून अशा मुलांचीं लग्नें होत असत असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु यादींत पंगु, अंध इत्यादि सर्वच एकत्र असल्यामुळें जडांपुरता तसा निष्कर्ष काढणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

शास्त्रानें पोटाची व्यवस्था केली, शिकविण्याचें काय? ह्या प्रश्नास दायभागांत उत्तर नाहीं. तें शोधावयाचें तर भागवताच्या पंचम स्कंधांतील जडभरताच्या कथेकडे वळावें लागतें. भरत हा जाणूनबुजून जड झालेला ज्ञानी, हें खरें. परंतु ढोंग तरी लोकांच्या परिचयाच्या गोष्टीचेंच करावें लागतें. म्हणून जड मुलाशीं घरचे लोक कसे वागत, ह्याचें हें चित्र ऐतिहासिक साधन म्हणून वाचण्यास हरकत नाहीं. बाप पुत्रस्नेहानें त्याचे सर्व संस्कार यथाविधि करतो. मुंज झाल्यावर शौच, आचमन इत्यादि नित्याचे नियम, मुलाच्या मनांत नसतांहि, त्याला शिकवितो. मग वसंत आणि ग्रीष्म असे चार महिने एक गायत्री पाठ करून घेण्याची खटपट करतो व ती फसते. तरी मुलास शिकविलेंच पाहिजे हा त्याचा आग्रह मरेपर्यंत सुटत नाहीं. बाप गेल्यावर सावत्र भाऊ तो नाद सोडतात आणि त्याला शेताच्या कामाला जुंपतात. जमीन कोठें सपाट, कोठें उंच-खोल हें त्याला कळत नाहीं. कण्या, पेंड, कोंडा, किडलेले उडीद आणि भांड्याच्या बुडाची करप एवढ्यावर तो राबतो. रात्रीं शेत राखतांना भद्रकालीस बळी देण्याकरितां चोर त्याला पकडून नेतात.

आमच्या धामापुरास तळ्याच्या कांठीं भगवतीचें देऊळ आहे. तळें १५३० सालचें, विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई ह्यांनीं बांधलेलें. देवीच्या गांवांत ही कथा लागली म्हणजे श्रोत्यांचें सारें लक्ष देवी मूर्तींतून प्रकटून चोरांचा संहार करते त्या प्रसंगाकडे असतें. बापाच्या चार महिन्यांकडे कोणी पाहात नाहीं. मी छत्तीस वर्षें मुलें शिकविलीं. पहिल्या यत्तेंत तीन-तीन वर्षें बसणारी पोरें माझ्याहि वर्गांत होतीं. आम्ही हजेरीपटांत ‘नापास’ असा शेरा मारीत असूं आणि पुढें ती गुरें राखावयास गेलीं कीं विसरून जात असूं. भागवतांतल्या त्या ब्राह्मणाइतकेहि श्रम आम्ही घेतले नाहींत.

संस्काराच्या बाबतींत बौधायनगृह्यशेषसूत्राची साक्ष महत्त्वाची आहे. जड, मूक, बधिर ह्यांच्या उपनयनाचा तेथें निराळा विधि दिला असून बटूनें म्हणावयाचे मंत्र आचार्यानें म्हणावेत असा त्याचा आशय आहे. म्हणजे असमर्थतेमुळें मुलगा समाजाबाहेर पडूं नये अशी दृष्टि कोणाची तरी होती. पंचतंत्राच्या आरंभीं महिलारोप्याच्या राजाच्या तीन मठ्ठ मुलांस विष्णुशर्म्यानें सहा महिन्यांत शहाणें केल्याची हकीकत आहे. पण ती मुलें शास्त्रविमुख होतीं, मिताक्षरेच्या अर्थानें जड नव्हेत. गोष्टींतून शिकविण्याची ती पद्धति मात्र आजहि अशा मुलांच्या उपयोगाची आहे.

युरोपांत ह्या विषयाला वळण लागलें तें १८०० सालीं फ्रान्समधील आव्हेरोनच्या रानांतून आणलेल्या मुलापासून. इतार ह्या वैद्यानें त्याला शिकविण्याचा प्रयत्न केला. त्याचा शिष्य सेगँ ह्यानें १८४६ सालीं त्या शिक्षणाचा ग्रंथ लिहिला. आपल्याकडे मात्र कायदा उलट दिशेस गेला. १९१२ च्या लुनसी अ‍ॅक्टानें जन्मजड मनुष्यास ‘लुनॅटिक’ ह्याच व्याख्येंत घातलें. १९२८ च्या कायद्यानें अंध-पंगु आदिकरून सर्वांस वारसाहक्क परत दिला. जन्मापासून वेडे व जन्मजड तेवढे वगळले. तो अपवाद १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें गेला. आणि मतिमंदत्व हा मनोविकार नव्हे, असें १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें व्याख्येंतच सांगितलें. विज्ञानेश्वराचा भेद परत येण्यास इतका काळ लागला!

महाराष्ट्रांत शिक्षणाची व्यवस्था मुंबईस सुरू झाली. चिल्ड्रन्स एड सोसायटीनें १९४१ सालीं मानखुर्द येथें अशा मुलांचें गृह काढलें. १९४४ सालीं श्रीमती जय वकील ह्यांनीं आपल्या मुलीच्या निमित्तानें शाळा सुरू केली. पुण्याची ‘कामायनी’ १९६४ ची. तिन्ही उदाहरणें शहरांतलीं. खेड्यांतल्या मुलांचा इतिहास संस्थांच्या अहवालांत मिळणार नाहीं, तो घरच्या दप्तरांतच शोधावा लागेल.

म्हणून संग्राहकांस एक विनंति. सनदा आणि महजर आपण जपतों, पण वाटणीपत्रें, फारखती, घरखर्चाच्या याद्या रद्दी म्हणून सोडून देतों. त्या सोडूं नयेत. अन्नवस्त्राचें कलम दिसलें कीं तें कोणाचें आहे हें आधीं पाहावें. विधवा, संन्यास घेतलेला, परागंदा झालेला ह्यांचेंहि तें असूं शकतें. सातबाराच्या जुन्या उताऱ्यांत ‘अ. पा. क.’ ही खूण येते. ती अज्ञान पालनकर्त्याची, आणि अज्ञान म्हणजे वयानें लहान. परंतु एकाच नांवापुढें ती खूण लागोपाठच्या फेरफारांत वीस-पंचवीस वर्षें टिकलेली दिसली, तर मूल वाढलें नाहीं असा अर्थ होत नाहीं. लेखकाची हयगय असेल, किंवा आपण शोधतों तो मनुष्य असेल. तेवढ्यासाठीं त्या घरच्या याद्यांत त्याच्या नांवें कापड, धोतर, औषध असा वेगळा खर्च पडला आहे काय, हें ताडून पाहावें.